काज : एका लघुपटाच्या नोंदी

12 जानेवारी 2025, रविवार

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, त्यामुळे माझ्या फोटो स्टुडिओत आज गिऱ्हाईक नाही. वही उघडायला हाच दिवस बरा.

संहिता पुरी झाली. चौदा पानं, म्हणजे साधारण चौदा मिनिटं. नाव 'मौनाचा सूर'. गोष्ट सोलापुरातल्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातली. जूनच्या तोंडावरची घाई, काज-बटणावर बसणारी एक कर्णबधिर मुलगी. सहाशे शर्टांच्या खिशावरच्या बिल्ल्यात शाळेचं नाव चुकलंय, हे तिच्या एकटीच्या लक्षात येतं. ती सांगू पाहते, कुणी थांबत नाही. शेवटी तीच खरी ठरते, सगळे टाळ्या वाजवतात, ती त्या टाळ्यांकडे बघून हसते. अंधार.

शेवट लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. नोंदवून ठेवतो, पुढे लाज वाटली तरी.

अंदाजे खर्च 1,60,000 रुपये. निम्मे लग्नसराईच्या शूटिंगमधले, बाकी मित्रांची वर्गणी. कॅमेरा घरचा.

2 फेब्रुवारी, रविवार

नायिका मिळाली. राज्य नाट्य स्पर्धेत चार वर्षं काम केलेली, चेहरा बोलका. पंधरा दिवस मोबाइलवर बघून खुणा शिकून आली आणि बिल्ल्याचा प्रसंग असा केला की कॅमेरा सांभाळणाऱ्या आमच्या भाऊंनी चष्मा काढून डोळे पुसले. ठरल्यातच जमा.

एकदा जाणकाराच्या नजरेखालून जावं म्हणून व्हिडिओ एका दुभाषी मॅडमना पाठवलाय. त्यांचे आईवडील दोघंही कर्णबधिर. मॅडम मराठीच्या आधी खुणा शिकल्या.

9 फेब्रुवारी, रविवार

मॅडमचा फोन. पहिलाच प्रश्न: "दादा, ही मुलगी काय बोलतीये?"

मी प्रसंग समजावायला लागलो. त्या म्हणाल्या, "प्रसंग कळला हो. ती बोलतीये काय, ते विचारतेय."

झालं होतं असं, की तिनं ज्या व्हिडिओंवरून सराव केला ते अमेरिकन खुणांचे. तिकडे अक्षरं एका हातानं दाखवतात, आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी. सोलापूरच्या कारखान्यात काज करणारी पोरगी मध्येच स्पॅनिश बोलायला लागावी, तसलाच प्रकार. बाकीच्या बऱ्याच खुणा कुठल्याच भाषेतल्या नव्हत्या, नुसते हातवारे. आम्ही तिच्या डोळ्यांतलं पाणी बघत बसलो आणि हातांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

मग फोनवरच तासभर शिकवणी. या भाषेचं व्याकरण मराठीचं नाही, हिंदीचंही नाही. 'तू कुठे राहतोस' हे 'तू राहणं कुठे' असं येतं, प्रश्नाचा शब्द शेवटी. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. म्हणजे भुवई हा अभिनय नव्हे, ते प्रश्नचिन्ह! आमच्या नायिकेच्या भुवया सबंध प्रसंगभर दुःखानं वर चढलेल्या. मॅडम म्हणाल्या, "ती सारखी काहीतरी विचारतीये असं वाटतं."

या भाषेसाठी दिल्लीत केंद्र सरकारची संस्था 2015 मध्ये निघाली. तिचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 वर गेला. मी चौदा पानं लिहिली तेव्हा असा कोश असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "कर्णबधिर मुलगीच का नाही घेत?" मी म्हटलं, "अभिनय जमेल का?" त्यावर पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.

13 फेब्रुवारी

नायिका कर्णबधिरच घ्यायची ठरवली. नाट्यवाल्या मुलीला सांगितलं. तिला वाईट वाटलं, आणि वाटणारच, पंधरा दिवस राबली होती ती. सुपरवायझर बाईची भूमिका देऊ केली, दोन दिवसांनी कळवते म्हणाली.

ग्रुपवर वादावादी. एकाचं म्हणणं, 1972 च्या 'कोशिश' सिनेमात दोन्ही मुख्य कर्णबधिर भूमिका ऐकू येणाऱ्या नटांनीच केल्या, काय बिघडलं? दुसऱ्यानं 2014 चा मराठी 'यलो' काढला, त्यात डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळनं स्वतःचीच भूमिका केलीय. मी दोघांना अंगठे दिले. पटलंय मला दुसऱ्याचं, पण नायिका बदलण्याचं खरं कारण वेगळं होतं: खोट्या खुणांचा सिनेमा मॅडमसमोर लावायची हिंमत नव्हती.

23 फेब्रुवारी, रविवार

नवी नायिका भेटली, कर्णबधिर. वय सत्तावीस. चार वर्षं काज-बटणावर काढून आता एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. हनुवटीवर मोठा तीळ आहे आणि खुणेतलं तिचं नावही तेच, तर्जनी हनुवटीला लावायची. कर्णबधिर मंडळींत प्रत्येकाचं असं खूण-नाव असतं. ते आपलं आपण घ्यायचं नसतं, दुसऱ्यांनी द्यायचं असतं. या वहीत ती 'तीळ'. मला पहिल्या भेटीतच नाव मिळालं: दोन बोटांनी मान खाजवणं. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, बरोबर ओळखलं.

मॅडम मध्ये, तीळ समोर, आणि संहितेचं वाचन.

पान 3. मी लिहिलं होतं, 'मशीनची थरथर तळहातातून तिच्या काळजापर्यंत पोचते, धागा तुटला की तिला तो ऐकू येतो.' तीळ हसायला लागली. मॅडमनी तिचं बोलणं सांगितलं: "धागा तुटला की टाका पडत नाही. मी कापड बघते. तुम्ही शिवताना कुठं बघता?"

पान 9. "ही मुलगी चुकत नाही, चिडत नाही, खोटं बोलत नाही. देवळात बसवायची आहे का हिला?"

आणि पान 14, माझं लाडकं. तीळनं दोनदा वाचलं. मग विचारलं, टाळ्या कशाला? बिल्ला चुकलाय ना? मग सहाशे खिसे उसवायचे कुणी? कारखान्यात अशी चूक सापडली की पहिल्यांदा शिव्या पडतात, सापडवणाऱ्यालाच. रात्रपाळी लागते. टाळ्या कोण वाजवतं तिथं?

मी तोंडात मारल्यासारखा बसलो. अपंगत्व सोडा, साधा कारखाना मला ठाऊक नव्हता. ती मुलगी 'खरी ठरली' की माझं काम संपलं होतं. सहाशे शर्टांचं पुढे काय झालं हा प्रश्न मला पडलाच नाही.

जाताजाता नावावरही आली. 'मौनाचा सूर'. मौन कुणाचं, म्हणाली, माझ्या डोक्यात दिवसभर बडबड चालू असते. आणि सूर तर मला नकोच. मग ठेवायचं काय? तिनं शर्टाचं दुसरं बटण काढलं, काजातून बोट घातलं, परत बटण लावलं.

नाव: 'काज'.

16 मार्च, रविवार

तीळच्या घरी गेलो, पूर्व भागात. घरात तेलुगू. आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, अजूनही वळते. सूप मांडीवर, पान कात्रीनं कापायचं, तंबाखू घालायची, गुंडाळायची, दोरा. बोलताना तिचे हात थांबत नाहीत.

हा घरचा भाषांचा हिशेब मला कागदावर मांडावा लागला. तीळची शाळा मराठी माध्यमाची, तिला मराठी लिहिता-वाचता येतं. आईला तेलुगू येतं, कामापुरतं मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. सांकेतिक भाषा तीळ शाळेबाहेर, मोठ्या मुलींकडून शिकली, कारण वर्गात हात हलवले तर पट्टी बसायची. तिथं ओठ बघून बोलायला शिकवण्यावर भर. घरात ती भाषा कुणालाच येत नाही. मग मायलेकी बोलतात कशा? घरच्या खुणांवर. तीसेक असतील. मिशीला पीळ म्हणजे वडील. तर्जनीभोवती अंगठा फिरवला की विडी. पदर डोक्यावर ओढल्यासारखं केलं की बाहेर जाऊ नको. या खुणा तीळच्या मैत्रिणींना कळत नाहीत आणि मैत्रिणींच्या खुणा आईला.

ओठ वाचता येतातच ना, असं मी विचारलं. तिनं मला आरशासमोर उभं केलं आणि आवाज न काढता म्हणायला लावलं: बाबा, पापा, मामा. तुम्हीही करून बघा. तिन्हीला ओठ हुबेहूब तसेच मिटतात. क, ख, ग तर घशातच होऊन जातात, बाहेर काही दिसतच नाही. ती अंदाजानं ओळखते. आईचं 'तिन्नावा?' मात्र लगेच कळतं, जेवणवेळेला दुसरं कोण काय विचारणार.

माझ्या संहितेत ही आई काय बोलते? "बाळा, तू माझा अभिमान आहेस." शुद्ध, सदाशिव पेठी. विडी कामगार बाई.

त्याहून वाईट पान 5. तिथं मी दुसरा एक तेलुगू सुपरवायझर घातला होता, मराठी बोलताना 'तो'-'ती'चा गोंधळ करणारा, लोकांनी हसावं म्हणून. दोन महिने आम्ही कर्णबधिर माणसाची टिंगल होऊ नये म्हणून जपतोय आणि पान 5 वर शेजाऱ्याची टिंगल राजरोस चाललीय. मी शूट केलेली निम्मी लग्नं तेलुगू पद्मशाली घरांतली. त्या घरांत पंगतीला बसून जेवलोय मी. पान फाडलं. आता आई तेलुगूच बोलेल, कारखान्यातला मास्तर कानडी वळणाचं मराठी, हेल्पर पोरगा उर्दू आणि "काय करलालास बे" एका वाक्यात. कुणाच्याही बोलण्यावर विनोद नाही. सोलापूरच्या कुठल्याही कारखान्यात सकाळी दहाला हे फुकट ऐकायला मिळतं, मी मात्र लिहायला बसलो की पुण्याला जात होतो.

(सुपरवायझर बाईची भूमिका नाट्यवाल्या मुलीनं घेतली. तिची आजी कानडी निघाली!)

6 एप्रिल, रविवार

शब्दांवरून बैठक. निधी देणाऱ्या एका मित्राला सिनेमाच्या पाटीवर 'दिव्यांग' हवं. सरकारी कागदांत 2016 पासून तोच शब्द रुळलाय. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, 1995 च्या कायद्यात सातच होती. वाढलेल्या यादीत किती तऱ्हेची माणसं येतात हे वाचून आमच्यातले दोघं चकित झाले, एकाला तर आपली स्वतःची बहीण त्या यादीत सापडली.

तीळचं मत रोखठोक. "दिव्य काय आहे त्यात? कर्णबधिर म्हणा. बहिरी म्हणालात तरी चालेल. मुकी म्हणू नका, मी बोलते."

मग प्रश्न आला मास्तरच्या तोंडी असलेल्या 'ए मुके'चा. कारखान्यात हीच हाक असते. काढली तर खोटं, ठेवली तर शिवी आपल्याच तोंडची. सर्वोच्च न्यायालयाचा 8 जुलै 2024 चा निकाल मी वाचून गेलो होतो. पडद्यावर अपंग व्यक्ती कशा दाखवाव्यात याबद्दल त्यात बरंच सांगितलंय. अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि माणसाला खाली पाडणारा वेगळा, असा फरक त्यात केलाय. एक इंद्रिय नसलं की दुसरं अचाट होतं, असल्या समजुती गृहीत धरू नका, असंही आहे. म्हणजे माझं तळहातातून काळजापर्यंत जाणारं मशीन तिथंही नापास.

ठरलं ते असं: 'मुके' एकदाच येईल, आणि ती हाक मारताना मास्तर तिच्या पाठीमागे असेल. तिला ती ऐकू येत नाही. प्रेक्षकाला येते. कॅमेरा तिच्यावर नाही, शेजारच्या मशीनवरच्या बाईवर, जी ऐकते आणि मान खाली घालून शिवत राहते. हा शॉट तीळनं सुचवलाय, माझा नाही.

20 एप्रिल, रविवार

आज ओळखीच्या एका मालकांच्या कारखान्यात चार तास नुसता बसलो. वीस मशीनं, एका भिंतीला कटिंगचं टेबल, कोपऱ्यात ओव्हरलॉक, दारापाशी काज आणि बटण. चौकड्याच्या कापडाचे ताके छतापर्यंत.

बायका अखंड बोलत होत्या. सून, गॅस, कुणाच्या तरी वास्तुशांतीचं जेवण. मान खाली, पाय पेडलवर, तोंड चालू, आणि पीस सरसर पडतायत.

तीळ माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझ्या वहीत लिहिलं: "त्या बोलतात आणि शिवतात. मला बोलायचं तर हात थांबवायला लागतात."

मी ते दोनदा वाचलं.

मग सगळं सांगितलं तिनं, मॅडमच्या तोंडून. कारखान्यात आणखी एक कर्णबधिर मुलगी होती, पलीकडच्या रांगेत. दोघींना गप्पा मारायच्या तर दोघींची मशीनं बंद, दोघींच्या माना वर. पगार पीसवर. पाच मिनिटं गप्पा म्हणजे चार शर्ट गेले. मालक ओरडायचा की या दोघी कामचुकार, सारख्या हात थांबवून बसतात. शेजारच्या बायका दिवसभर बडबडायच्या ते कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही, कारण त्यांचे हात चालू असायचे. शेवटी त्या दोघींनी जेवणाच्या सुट्टीतलं जेवण कमी केलं. डबा पाच मिनिटांत, बाकी पंचवीस मिनिटं बोलणं.

घरी येऊन संहिता पहिल्यापासून लिहायला घेतली. बिल्ला राहिला, पण गोष्ट आता हातांची झाली. बिल्ला चुकलाय हे सांगायचं तर तिला मशीन थांबवावं लागणार, आणि मशीन थांबवलं की तिचे पैसे जाणार. शिवाय चूक निघाली तर सगळ्यांची रात्रपाळी. सांगावं का? पहिल्या दिवशी ती सांगत नाही. दडवते. ही तीळची अट होती, नायिकेनं एकदा तरी खोटं वागलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सांगते, आणि त्याच दमात पीसमागे सव्वा रुपयाचा दीड रुपया मागते. शेवटी उसवणं, रात्र, सगळ्यांचे हात.

25 मे, रविवार

सीझन. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, शूटिंग जुलैवर. तालमी स्टुडिओत.

खर्च वाढला. मॅडम म्हणाल्या, एकटीला दिवसभर दुभाषीपण झेपत नाही, अर्ध्या तासानं डोकं बधिर होतं आणि चुका होतात. दोघी हव्यात, आलटून पालटून. आधी जरा कुरकुरलो. मग त्यांना एक तालीम सलग करताना पाहिलं आणि ड्रोनचं भाडं यादीतून काढलं. एकूण आता 1,92,000.

5 जुलै, शनिवार

शूटिंग, दिवस पहिला. उद्या आषाढी, कारखाना दोन दिवस बंद म्हणून मिळाला. आमचा लाइटवाला मात्र पंढरपूरला पळाला.

सकाळचे तीन तास पाण्यात. मी ज्या रीतीनं आजवर शूट करत आलो ती एकेक करून मोडत गेली. भावनेच्या क्षणी कॅमेरा चेहऱ्याजवळ न्यायचा ही माझी जुनी खोड. नेला, तीळचे डोळे पडद्यावर भरून राहिले, आणि हात चौकटीबाहेर. म्हणजे नायिकेचा आवाजच कापला. कंबरेपासून डोक्याच्या वर वीतभर, याहून जवळ जायचं नाही. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याला बघायचं, तर समोरच्या माणसाचा खांदा तिच्या उजव्या हातावर येतो. खिडकीतून येणारं सुंदर ऊन पाठीमागून घेतलं, तर हात काळे ठिक्कर. मागे चौकड्याचे ताके होते, त्यावर बोटं विरघळून जायची. अर्धा तास खपून साधे निळे ताके लावले. हात वेगानं हलले की पुसट यायचे. शटर 1/50 वरून 1/100 वर नेलं तेव्हा बोटं सुटी दिसायला लागली, आणि ट्यूबलाइटची फडफडही आली नाही.

मी 'ॲक्शन' असं ओरडलो. सगळे हलले, नायिका सोडून. सगळे हसले. मग कटिंग टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबून इशारा ठरवला: एकदा लुकलुक, सुरू. दोनदा, थांबा. दुपारपर्यंत सबंध युनिट दिव्यावर चालायला लागलं आणि सेटवरचा आरडाओरडा आपोआप गेला. लग्नांनाही हे करून बघायला हवं!

6 जुलै, रविवार

दिवस दुसरा. आईचा प्रसंग. आईचं काम एका विडी कामगार मावशींनी केलं. त्यांना मी 'मुलीकडे दुःखानं बघा' असं सांगितलं. त्या तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या, हेल्परचं काम करणाऱ्या पोरानं सांगितलं, "त्या म्हणतायत, दुःखानं कशाला, उशिरा आलीय तर रागानं बघीन." टेक एक, ओके.

उसवण्याचा शेवट रात्री साडेअकराला झाला. दहा माणसं, दहा ब्लेड, खिसे. कुणी बोलत नाही, कारण घाई आहे. या एका शॉटमध्ये ऐकू येणारे आणि न येणारे ओळखू येत नाहीत. मी ते ठरवून केलं नव्हतं. मॉनिटरवर तीळला दाखवलं, तिनं खांदे उडवले. तिला भूक लागली होती.

27 जुलै, रविवार

संकलन. हातातल्या कात्रीचा वेग आवरावा लागतो. एक माणूस बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा दाखवणं ही माझी सवय, आवाज मागे चालूच राहतो म्हणून. इथं चेहरा बदलला की वाक्य तुटतं. तीळचं सगळ्यात लांब बोलणं, दीड रुपयाचं, 48 सेकंद सलग ठेवलंय. भाऊ म्हणाले, लोक कंटाळतील. ठेवलंय.

ध्वनिवाल्या मित्रानं एक प्रयोग केला होता: तिच्या नजरेतून दिसतं तेव्हा सगळा आवाज बंद, मग बुडबुड्यासारखा घुमणारा आवाज. ऐकायला भारी. मॅडमनी तीळला समजावून सांगितलं, तशी ती म्हणाली, हे कुणासाठी? माझ्या मैत्रिणी बघतील तेव्हा त्यांना हा शांतपणा कळणारच नाही. आणि यंत्र कानाला लावलं की शांतता कुठली, पंखा, मशीन, माणूस सगळे एकाच मापानं डोक्यात घुसतात. घाम आला की ते शिट्टी मारतं.

प्रयोग काढला. शिट्टी ठेवली.

10 ऑगस्ट, रविवार

पडद्यावरची अक्षरं. नुसता संवादांचा अनुवाद नाही, आवाजही लिहायचे: 'ओव्हरलॉक सुरू', 'बाहेर रिक्षा', 'मास्तर, मागून: ए मुके'. या शेवटच्या ओळीवरून अडलो. तिला न ऐकू आलेलं तिच्या मैत्रिणींना पडद्यावर वाचायला मिळणार. तीळ म्हणाली, मिळू दे, त्यांना पहिल्यांदाच कळेल मागून काय म्हणतात ते.

आईच्या घरच्या खुणांना अक्षरं नाहीत. विडीची खूण कुणालाही कळते, पदराची ज्याला कळेल त्याला.

21 सप्टेंबर, रविवार

पहिला खेळ. परवा 23 ला जागतिक सांकेतिक भाषा दिन, त्या निमित्तानं एका सभागृहात. साठेक माणसं, चाळीसभर कर्णबधिर. दारात तीन पायऱ्या निघाल्या. व्हीलचेअरवरचे एक काका आले, त्यांना चौघांनी उचलून आत घेतलं. त्यांना ते आवडलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जागा बघायला मी गेलो होतो, पायऱ्या मला दिसल्या नव्हत्या.

डबा पाच मिनिटांत संपवायच्या प्रसंगाला मागच्या तीन रांगा हलल्या. दीड रुपयाच्या 48 सेकंदांत कुणी मोबाइल काढला नाही. संपल्यावर चाळीस माणसांचे पंजे हवेत, ही त्यांची टाळी. मी टाळ्या वाजवत होतो, मग थांबलो.

प्रश्नोत्तरांत दुसऱ्या रांगेतून पांढरी काठी घेऊन एक गृहस्थ उठले, पेटी शिकवतात. म्हणाले, "चौदा मिनिटांत मला मशीनं ऐकू आली, एक शिट्टी, थोडं तेलुगू. तुमची नायिका बोलली का हो?"

दोन्ही दुभाषी थांबल्या. मग मॅडमनी त्यांचा प्रश्न हातांनी तीळला सांगितला. तीळ खुर्चीत पुढे सरकली.

5 ऑक्टोबर, रविवार

केंद्र सरकारच्या मार्च 2024 च्या नियमांत कर्णबधिर प्रेक्षकांसाठी अक्षरं आणि अंधांसाठी ध्वनिवर्णन, दोन्ही आहेत. ते चित्रपटगृहांत लागणाऱ्या मोठ्या चित्रपटांसाठी, आमच्या चौदा मिनिटांना कुणी विचारणार नाही. पण पेटीवाल्या काकांनी विचारलंय.

वर्णनाला जागा भरपूर, संवाद कमी म्हणून. अडचण एकच: तीळचं बोलणं कुणाच्या आवाजात? मी तीन बायकांचे नमुने घेतले. मला पहिला आवडला, आकाशवाणीसारखा, गोड. पण आवाज तीळचा, निवड तिची. ती निवडणार कशी, हा प्रश्न मलाच पडला होता, तिला नाही. तिनं तिघींना समोर बसवलं आणि दीड रुपयाचं भांडण एकेकीला म्हणायला लावलं. स्वतः समोर बसून बघत राहिली, तोंडाकडे नाही, गळ्याकडे.

तिसऱ्या होत्या त्या विडीवाल्या मावशी. मराठी अडखळत, पण 'दीड' म्हणताना मानेची शीर तटकन वर आली.

तीळनं तर्जनी आधी आपल्या हनुवटीला लावली, मग मावशींच्या दिशेनं केली. रेकॉर्डिंग पुढच्या रविवारी, मावशींचा विड्यांचा हिशेब झाल्यावर.